जॉप्लिनचं बाड आणि ह्यूस्टनची कंपनी
(युवक शिबिरातलं भाषण)

पत्रकात छापलंय की मी कवितेवर बोलणार. मी कवितेवर बोलणार नाही. मी ऑपेरावर बोलणार आहे. हसा, हरकत नाही. गोदीत टोळीला सांगितलं तेव्हा तेही हसले. मुकादम म्हणाला, 'ऑपेरा म्हणजे चर्नी रोडकडचं ऑपेरा हाऊस ना रे? तिथूनच तर माझी बस जाते.' आपली आणि ऑपेराची ओळख एवढीच. बसस्टॉपचं नाव. आत काय चालतं ते आपल्या बापजाद्यांनी कधी बघितलं नाही.

मी दहावी पास. ठेकेदाराच्या टोळीत कामाला. जहाजातली स्टीलची कॉईल, तिला स्लिंग लावायची, बाजूला व्हायचं, क्रेन उचलणार, मग पुढची. आमच्यातल्या एकाच्या मोबाईलवर एक रिंगटोन होती. उड्या मारत जाणारी पियानोची धून. तुम्ही सगळ्यांनी ती कुठं ना कुठं ऐकलीय, नाव माहीत नसेल. रात्रपाळीत चहाला बसलो असताना ती वाजली. म्हणलं, ही कुणाची रे? तो म्हणाला, 'कंपनीची. मोबाईलमधेच होती.'

कंपनीची नव्हती. शोधलं तेव्हा कळलं. नाव 'द एंटरटेनर'. साल १९०२. रचणारा स्कॉट जॉप्लिन, गुलामगिरीत जन्मलेल्या बापाचा पोरगा. त्याच्या मागं मागं जाता जाता मी पोचलो अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात, ह्यूस्टन नावाच्या बंदराच्या शहरात, तिथल्या ऑपेरा कंपनीच्या दारात. आज ह्या दोघांबद्दल सांगायचंय. एक माणूस आणि एक कंपनी. माणूस मेला १९१७ मध्ये. कंपनी निघाली १९५५ मध्ये. दोघांची गाठ पडली १९७५ मध्ये. म्हणजे माणूस मरून ५८ वर्षं झाल्यावर. मधल्या काळात ही गाठ पडण्याजोगं काय शिल्लक राहिलं होतं, तेवढंच मला तुमच्यापुढं मांडायचंय.

आधी ऑपेरा म्हणजे काय ते. सगळं गाऊन सांगायचं नाटक. आपल्या तमाशात, जलशात गाणं थांबतं, बतावणी होते, पुन्हा गाणं सुरू होतं. ऑपेरात बहुतेक बोलणंसुद्धा सुरात. रंगमंचापुढच्या खड्ड्यात पन्नास-साठ वाजवणारे बसतात. गाणाऱ्यानं माईकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचं. असा गळा कमवायला वर्षानुवर्षं शिकावं लागतं आणि शिकायला पैसा लागतो. म्हणून युरोपात हा राजेरजवाड्यांचा खेळ, मग शेटलोकांचा. अमेरिकेत ज्या ज्या शहरात पैसा साचला त्यांनी आपापल्या ऑपेरा कंपन्या काढल्या.

ह्यूस्टनचा पैसा आधी कापसाचा, मग तेलाचा. शहर समुद्रापासून आत. पाण्याची वाट खोल खणली आणि १९१४ साली मोठी जहाजं थेट शहरात यायला लागली. तिथल्या गोदी कामगारांची युनियन एकच, पण शाखा दोन. गोऱ्यांची वेगळी, काळ्यांची वेगळी. जहाज एक, माल एक, घाम एक आणि सही करायचं रजिस्टर वेगळं. हे मला कुणी फोड करून सांगायची गरज पडली नाही. गावाकडच्या दोन पाणवठ्यांची गोष्ट ऐकत मी वाढलोय.

१९५५ साली ह्या शहरात ह्यूस्टन ग्रँड ऑपेरा निघाली. पहिले प्रमुख वॉल्टर हर्बर्ट, मूळचे जर्मनीचे. १९५६ च्या जानेवारीत पहिला हंगाम, दोन ऑपेरा. त्या वेळचं टेक्सास काय होतं ते एका पोरीच्या गोष्टीवरून सांगतो. १९५७ साल. ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात बार्बरा स्मिथ नावाची काळी विद्यार्थिनी होती. पुढं ती बार्बरा कॉनरॅड ह्या नावानं गायली. विद्यापीठाच्या ऑपेरात तिला राणीची, नायिकेची भूमिका मिळाली. गळ्याच्या जोरावर मिळाली. समोरचा नायक गोरा. प्रेमाचं नाटक. झालं! राज्याचे आमदार चवताळले. विद्यापीठाचा पैसा बंद करण्याची भाषा सुरू झाली. विद्यापीठानं काय करावं? पोरीला काढलं. हॅरी बेलाफाँटे हा मोठा गायक म्हणाला, तू दुसरीकडं कुठंही शिक, खर्च माझा. ती गेली नाही. जिथून भूमिका काढून घेतली तिथूनच तिनं पदवी घेतली. पुढं न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात, म्हणजे अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या कंपनीत, ती गायली.

अशा राज्यात, अशा काळात ही कंपनी जन्मली. हे ध्यानात ठेवा. आता माणसाकडं येऊ.

स्कॉट जॉप्लिन जन्मला १८६८ च्या आसपास, टेक्सासच्याच ईशान्य कोपऱ्यात. नेमकी तारीख कुणाकडं नाही. आपल्या आज्या-पणज्यांची तरी कुठं आहे? बाप जाइल्स, गुलाम म्हणून जन्मलेला, सुटल्यावर रेल्वेत मजूर. आई फ्लोरेन्स, गोऱ्यांच्या घरी धुणं-झाडू करणारी. पोरगा पाच-सहा वर्षांचा असेल तेव्हा, १८७३ साली, इकडं पुण्यात जोतीराव फुले 'गुलामगिरी' छापत होते आणि ते पुस्तक गुलामांना मोकळं करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण करत होते. मोकळं झालेलं घर कसं होतं ते हे असं होतं.

आई ज्या घरात कामाला जायची त्या घरात पियानो होता. आई फरशी पुसतीय आणि पोरगा पियानोवर बोटं फिरवतोय. गावात ज्युलिअस वाइस नावाचे एक जर्मन मास्तर होते. त्यांनी पोराचा हात बघितला आणि फुकट शिकवलं. युरोपचं संगीत, ऑपेरा ह्यांची नावं त्याच्या कानावर पडली ती त्यांच्यामुळं. पोटासाठी मात्र त्याला दारूच्या गुत्त्यांत आणि कोठ्यांवर पियानो बडवावा लागला, कारण काळ्या वादकाला दारं तीच उघडी होती. तिथं काळ्या माणसांनी जी चाल घडवली ती रॅगटाइम. डावा हात पावलासारखा ठेक्यात पडतो, उजवा हात ठेका चुकवून, मधेच अडून, पुढं पळतो. १८९९ साली त्याची 'मेपल लीफ रॅग' छापली गेली. करार केला होता, प्रत्येक प्रतीमागं एक सेंट. तेव्हा काळ्या रचनाकाराला बहुधा एकदाच काहीतरी देऊन वाटेला लावत. ह्यानं प्रतीमागं हिस्सा मागितला आणि घेतला. मी ठेकेदाराच्या कागदावर न वाचता सही करतो, म्हणून मला हे फार मोठं वाटतं.

आता मुद्द्याची गोष्ट. १९०१ च्या ऑक्टोबरात अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रुझवेल्ट ह्यांनी बुकर टी. वॉशिंग्टन ह्या काळ्या पुढाऱ्याला व्हाइट हाऊसमध्ये जेवायला बोलावलं. एका टेबलावर जेवण! नुसतं जेवण. दक्षिणेतल्या गोऱ्यांनी एवढा थयथयाट केला की काय सांगावं. सहभोजनानं कुणाचा जीव का जातो हे महाराष्ट्राला सांगायला नको. जॉप्लिननं ह्या जेवणावर ऑपेरा लिहिला. 'अ गेस्ट ऑफ ऑनर', सन्मानाचा पाहुणा. १९०३ साली स्वतःची मंडळी जमवून तो दौऱ्यावर निघाला. दौऱ्यात गल्ल्यातला पैसा चोरीला गेला आणि कंपनी मोडली असं सांगतात. हक्क नोंदवायला अर्ज गेला होता, पण सोबत द्यायची प्रत सरकारी दप्तरात पोचलीच नाही. ऑपेरा छापलेला नव्हता. बाड हरवलं. कायमचं हरवलं. आज जगात त्याचं एक पान नाही. राष्ट्राध्यक्षाच्या टेबलावर काळा माणूस जेवायला बसला, आणि एका काळ्या माणसानं त्याचं गाणं केलं, ते गाणं कसं होतं हे आता कुणालाच कळायचं नाही.

हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही. कारण सांगतो. माझ्या आज्याचा बाप जलशात होता. आज्यानं त्याची गाणी तीन वह्यांत उतरवून घेतली होती. शाईच्या पेनानं, घोटीव अक्षरात. पत्र्याच्या पेटीत ठेवलेल्या. ऐन पावसात आमची झोपडी तोडली. कुणी तोडली, कुणाच्या हुकमानं, ते आज सोडा. पेटी रस्त्यावर, झाकण उघडं. दुसऱ्या दिवशी वह्यांचा लगदा. आजा तोंडानं जी म्हणायचा तेवढीच उरली, आणि आजा गेला तेव्हा त्यातली चार मी लिहून घेतली होती. चार. भीमराव कर्डकांनी १९७८ साली आंबेडकरी जलशांवर पुस्तक छापलं म्हणून आपल्याला काही तरी ठाऊक आहे. वह्यांत राहिलेलं पावसानं नेलं, वाळवीनं नेलं, रद्दीवाल्यानं नेलं.

जॉप्लिन मात्र शिकला. १९०७ साली तो न्यूयॉर्कला गेला आणि दुसरा ऑपेरा लिहायला बसला, 'ट्रीमोनिशा'. कुणी प्रकाशक छापेना. रॅग लिही म्हणायचे, ते खपतं. काळ्यानं नाचायचं गाणं द्यावं, ऑपेरा कशाला? तेव्हा त्यानं १९११ साली पदरचे पैसे घालून २३० पानांची आवृत्ती स्वतः छापली, गाणाऱ्यांचे सूर आणि पियानो एवढ्यासाठी. त्याच १९११ मध्ये आपल्या मुंबईत पंचम जॉर्ज बादशहा ऑपेरा हाऊसचं उद्घाटन करत होता.

काय आहे ह्या ऑपेरात? काळ १८८४ चा. गुलामगिरी जाऊन वीसेक वर्षं झालेली. आर्कन्सॉ राज्यातला एक मळा, भोवती जंगल. मालक सोडून गेलाय, काळी माणसं मागं राहिलीत. शाळा नाही. गंडेदोरे देणारे, करणी करणारे ह्यांचं राज्य. नेड आणि मोनिशा हे मूलबाळ नसलेलं जोडपं. त्यांना झाडाखाली एक तान्ही पोर सापडते. झाडावरून आणि आईवरून नाव, ट्रीमोनिशा. पोर सात वर्षांची होते तेव्हा हे दोघं एका गोऱ्या बाईशी सौदा करतात. तू आमच्या पोरीला लिहायला-वाचायला शिकव. बदल्यात मोनिशा तुझी धुणी धुईल, नेड तुझी लाकडं फोडील. आई धुणं धुते आणि पोरगी वाचायला शिकते. जॉप्लिननं हे पुस्तकात वाचून लिहिलेलं नाही. ती धुणारी बाई त्याच्या घरातली होती.

अठरा वर्षांची ट्रीमोनिशा त्या वस्तीतली एकटी शिकलेली. नशिबाची पिशवी विकायला आलेल्या भगताला ती तोंडावर सुनावते. भगतमंडळी तिला पळवून जंगलात नेतात. गांधीलमाश्यांच्या पोळ्यात ढकलायची तयारी होते. रेमस नावाचा पोरगा, तिनंच वाचायला शिकवलेला, बुजगावण्याचं सोंग घेऊन येतो. भगत त्यालाच सैतान समजून पळतात! भुताचा धंदा करणारे भुताला भ्याले. इथं मी रात्रपाळीहून येताना लोकलमध्ये एकटाच मोठ्यानं हसलो. शेवटी भगत पकडले जातात. लोक म्हणतात, हाणा. ट्रीमोनिशा म्हणते, सोडा. मग सगळी वस्ती, बाया आणि बाप्ये, तिला पुढारी निवडतात. ती विचारून घेते की बाईच्या मागं पुरुष येतील का. येतो म्हणतात. मग संथ नाच आणि पडदा.

१९११ साली, अमेरिकेतल्या बायांना देशभर मताचा हक्क नव्हता तेव्हा, एक काळी, धुणेवालीची, शिकलेली पोरगी वस्तीची पुढारी होते. हे त्यानं लिहिलं.

पण मित्रांनो, मी इथं आरती ओवाळायला आलो नाही. ह्या ऑपेराशी माझं भांडण आहे. ह्यात मालक कुठाय? मालक पहिल्याच पानाआधी निघून गेलाय. ज्या काळात दक्षिणेत काळ्या माणसांना झाडाला टांगून मारत होते, त्या काळातल्या मळ्यावर सगळा दोष गंडेदोऱ्यावाल्यांचा? शिक्षण मिळतं तेही गोऱ्या बाईच्या हातून. आणि दोन पाळ्यांची अंगमेहनत देऊन विकत घेतलेलं. शिकलेली ट्रीमोनिशा शुद्ध इंग्रजीत गाते आणि तिची आई वस्तीच्या बोलीत. म्हणजे शिकलं की आईची बोली सुटली पाहिजे? माझी कविता एका संपादकानं बोली काढून टाका म्हणून परत पाठवली होती, म्हणून मला ते झोंबतं. आणि माफी! ज्यानं पोळ्यात ढकलायला नेलं त्याला माफी, मला ती पचत नाही.

तरीही एक गोष्ट मान्य करतो. मी ह्या माणसाशी भांडू शकतोय, कारण त्याचं बाड माझ्यापुढं आहे. 'सन्मानाचा पाहुणा' ह्याच्याशी मला भांडताही येत नाही.

१९१५ साली हार्लेम ह्या काळ्यांच्या वस्तीत, लिंकन थिएटरात जॉप्लिननं 'ट्रीमोनिशा' ऐकवला. पडदे नाहीत, पोशाख नाहीत, वाद्यमेळ नाही. पियानोवर तो एकटा आणि पुढं गाणारे. लोकांना रुचला नाही. जी गावाकडची दुनिया नुकती मागं टाकून आलो ती पुन्हा कशाला बघायची, असं त्यांना वाटलं असावं, असं त्याचे चरित्रकार म्हणतात. आणि आता एक गोष्ट ऐका. त्या साली बाबासाहेब त्याच शहरात होते. १९१३ च्या जुलैत ते न्यूयॉर्कला उतरले, १९१६ पर्यंत कोलंबिया विद्यापीठात शिकले. विद्यापीठ ११६ व्या रस्त्याला, लिंकन थिएटर १३५ व्या रस्त्याला. मैल-दीड मैलाचं अंतर. दोघांची भेट झाली असं मी म्हणत नाही. गळ्यात हार घालायला खोटं कशाला बोला? एवढंच म्हणतो की त्याच काळात, त्याच शहराच्या त्याच टोकाला, एक जण शिक्षणानं वस्ती सुटते असं गात होता आणि एक जण ग्रंथालयात बसून जातीची मुळं खणत होता. १९१६ च्या मे महिन्यात बाबासाहेबांनी जातीवरचा निबंध वाचला. तो छापून आला १९१७ च्या मे महिन्यात.

जॉप्लिन त्याच्या एक महिना आधी, १ एप्रिल १९१७ ला, वेड्यांच्या इस्पितळात मेला. उपदंशानं मेंदू खाल्ला होता. क्वीन्समधल्या दफनभूमीत पुरला. वर दगड नाही, नाव नाही. ५७ वर्षं नाव नाही. १९७४ साली पाटी लागली.

आता विचारा, १९७४ ला अचानक का आठवला? एक तर १९७० मध्ये जोशुआ रिफ्किन ह्या पियानोवाल्यानं त्याच्या रॅगची तबकडी काढली आणि ती तुफान चालली. १९७१ साली न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयानं व्हेरा ब्रॉडस्की लॉरेन्स ह्या बाईंनी जुळवलेलं त्याचं समग्र संगीत छापलं, 'ट्रीमोनिशा'सकट. १९७३ च्या 'द स्टिंग' सिनेमात त्याची धून वाजली, ऑस्कर मिळालं ते धून जुळवणाऱ्या मार्व्हिन हॅमलिशला, आणि जॉप्लिन घराघरांत पोचला. आमच्या टोळीतल्या मोबाईलपर्यंत ती धून आली त्याची वाट ही अशी.

'ट्रीमोनिशा'चा पहिला पुरा प्रयोग झाला १९७२ च्या जानेवारीत अटलांटा शहरात. काळ्यांच्या मोअरहाऊस कॉलेजची पोरं गायली. कॅथरीन डनहॅम ह्या काळ्या नृत्यकर्तीनं बसवला. टी. जे. अँडरसन ह्या काळ्या संगीतकारानं वाद्यमेळ लिहिला. लिहावा लागला, कारण जॉप्लिननं स्वतः लिहिलेला वाद्यमेळ हरवला होता. तो छापलेला नव्हता ना!

आणि मग १९७५. ह्यूस्टन ग्रँड ऑपेराचा प्रमुख तेव्हा डेव्हिड गॉकली, १९७२ पासून आलेला, तिशीतला. त्याला कळत होतं की युरोपचा तोच तोच माल शेटलोकांपुढं मांडून कंपनी चालेल, पण शहराची होणार नाही. त्या मे महिन्यात कंपनीनं 'ट्रीमोनिशा' उभा केला. कुठं? बंद नाट्यगृहात नाही. हर्मन पार्क ह्या बागेतल्या मिलर ह्या उघड्या रंगमंचावर. तिकीट फुकट. वर झाड, खाली गवत, येईल त्यानं बसावं. गंथर शुलर ह्यांनी वाद्यमेळ नव्यानं लिहिला आणि चालवला, फ्रँक कॉर्सारो ह्यांनी दिग्दर्शन केलं, नाच लुई जॉन्सन ह्या काळ्या नृत्यकारानं बसवले. कार्मेन बॅल्थ्रॉप ट्रीमोनिशा, बेटी ॲलन मोनिशा, विलार्ड व्हाइट नेड, कर्टिस रेयाम रेमस. सगळी काळी माणसं, सगळ्यांचे गळे कमावलेले. त्याच ऑक्टोबरात प्रयोग न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर गेला. ज्या शहरात १९१५ साली जॉप्लिन रिकाम्या रंगमंचावर एकटा पियानो वाजवत होता, त्याच शहरात. त्याची तबकडी निघाली. मी ऐकतो ती तीच. १९७६ साली जॉप्लिनला पुलित्झरचा खास पुरस्कार मिळाला. मेल्यावर.

ह्या टोळीकडं मी गोदीवाल्याच्या नजरेनं बघतो. रंगमंचावर कोण? काळे. कंपनी कुणाची? दिग्दर्शक कोण, काठी हलवणारा कोण? गोरे. आमच्याकडं माल उचलणारा कोण आणि बिल लावणारा कोण, तसंच. पण एवढं म्हणून उठलो तर तेही अर्धंच बोलणं होईल. त्या बागेत फुकटात, ह्यूस्टनच्या काळ्या बाया-पोरांनी, वेगळ्या रजिस्टरवर सही केलेल्या म्हाताऱ्या हमालांनी, ज्याला हवं त्यानं आपल्या आजीची गोष्ट ऑपेरात बघावी, अशी सोय होती. कंपनीनं पैसा घातला, पुरा वाद्यमेळ दिला, चांगले गळे आणले. ते झालं नसतं तर माझ्या कानापर्यंत हे आलं नसतं.

त्याच कंपनीनं दुसऱ्याच वर्षी, १९७६ साली, 'पोर्गी अँड बेस' उभा केला. हा १९३५ चा ऑपेरा. संगीत जॉर्ज गर्श्विनचं, गोष्ट ड्युबोस हेवर्डची. दोघं गोरे. वस्ती काळ्यांची, चार्ल्स्टन बंदरातली. आधीच्या प्रयोगांत कापलेलं संगीत ह्यूस्टननं परत घातलं, डॉनी रे अल्बर्ट आणि क्लामा डेल गायले, ब्रॉडवेवर गाजला, टोनी पुरस्कार मिळाला. संगीत जबरदस्त आहे, खोटं का बोलू? पण त्यात क्राउन नावाचा एक गोदी कामगार आहे. माझा जातभाई. आल्या आल्या दारू, जुगार, फाशावरून भांडण आणि खून. अडीच-तीन तासांत त्यानं जहाजातून एक गठडी उतरवलेली दिसत नाही! बाहेरच्यानं लिहिलेला हमाल हा असा. आतल्यानं लिहिलेली धुणेवाली ती तशी, पोरीच्या शाळेपायी धुणी धुणारी. एकाच कंपनीनं दोन वर्षांत दोन्ही दाखवले. फरक कंपनीत नव्हता, बाडात होता.

पण गर्श्विनचीही एक अट होती, की काळ्यांच्या भूमिका काळ्यांनीच करायच्या. तोंडाला काळं फासलेले गोरे चालणार नाहीत. त्या अटीमुळं शेकडो काळ्या गायकांची चूल पेटली. आणि गाणारे नुसते गात बसले नाहीत. १९३६ साली हे नाटक वॉशिंग्टनच्या नॅशनल थिएटरला गेलं. तिथं काळ्या माणसाला प्रेक्षक म्हणून आत घेत नसत. रंगमंचावर चालेल, खुर्चीत चालणार नाही! पहिला पोर्गी टॉड डंकन आणि बेस झालेली ॲन ब्राउन म्हणाले, आमची माणसं खुर्चीत बसणार नसतील तर आम्ही गाणार नाही. मालकांनी बरेच मधले रस्ते सुचवले. हे हलले नाहीत. शेवटी दारं उघडली. क्राउन लिहिणाऱ्याच्या हातात होता, पण प्रयोग गाणाऱ्यांच्या हातात होता. संप हे आपलं हत्यार गळ्यालाही चालतं, हे मला तिथं कळलं.

तर मित्रांनो, बेरीज काय? मोठी कंपनी आपल्या दारात कधी ना कधी येते. तिला नवा माल लागतो. जमाना बदलतो, फॅशन बदलते, कुणा गॉकलीला खरोखरच तळमळ असते. ती येते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. लिहिणारा मेलेला, थडग्यावर नाव नाही. त्या दिवशी तिच्यापुढं टाकायला आपल्याकडं काय असतं, एवढंच आपल्या हातात आहे. जॉप्लिनकडं २३० पानं होती. पदरचे पैसे घालून छापलेली, कुणी विकत न घेतलेली २३० पानं. त्यावर अटलांटा उभं राहिलं, ह्यूस्टन उभं राहिलं. जे छापलं नव्हतं, ते जेवणाचं नाटक आणि तो वाद्यमेळ, त्याला ह्यूस्टनचा सगळा तेलाचा पैसाही परत आणू शकत नाही.

आपल्या ह्या अंकाला लोक हसतात. कागद हलका, शाई फुटलेली, खप दोनशे-तीनशे. हसू द्या. मी कविता म्हणण्याऐवजी आज एक काम घेऊन आलोय. दाराजवळच्या टेबलावर एक रजिस्टर ठेवलंय, एकच, सगळ्यांना. ज्याच्या घरी आज्याची, चुलत्याची, आत्याची गाण्याची वही आहे त्यानं नाव-पत्ता लिहा. आम्ही घरी येऊन उतरवून घेऊ, वही नेणार नाही. वही नसेल तर म्हातारं माणूस आहे का ते लिहा. मोबाईल घेऊन येतो, त्यांना गाऊ द्या. पुढच्या अंकापासून दर वेळी चार पानं त्यासाठी राखून ठेवलीत. सुरुवात माझ्या आज्याच्या त्या चार गाण्यांनी करतोय. बोली काढणार नाही. चूक असली तर चुकीसकट छापू, पुढच्यांना भांडायला काहीतरी पाहिजे.

मला सकाळची पाळी आहे. निघतो. रजिस्टर विसरू नका.

जय भीम.